आईच्या खोलीतला थर्मोस्टॅट

उइटहॉर्न (नेदरलँड्स), १७ जुलै २००५

ती. नीळूमामांस शिरीषचा नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "मला तोंडी काही सांगू नकोस, नकाशा पाठव." म्हणून सोबत आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा जोडला आहे. ई-मेलने पाच मिनिटांत पोहोचला असता, पण तुम्ही कॉम्प्युटरला हात लावणार नाही हे मला ठाऊक आहे.

खोली आईसाठी आहे. बाबा गेल्यापासून मी तिला ये ये म्हणतोय, आणि या सप्टेंबरअखेर ती एकदाची येतेय, तीन महिन्यांसाठी. आमच्या सगळ्या निजायच्या खोल्या वर आहेत आणि इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. आईचे गुडघे ते चढणार नाहीत. म्हणून घराला चिकटून असलेलं गॅरेज मोकळं करून तिथे तिची खोली करतोय. बाकी घरात गॅसच्या बॉयलरवर चालणारे रेडिएटर आहेत, पण त्यांचे पाइप तिकडे न्यायचे तर सगळी काँक्रीटची जमीन फोडावी लागेल. तेव्हा विजेचे हीटर घ्यायचं ठरलं आहे, बुटके आणि लांब, भिंतीच्या पायथ्याशी बसतात ते. दोन हीटर आणि दोघांना मिळून एक थर्मोस्टॅट.

पूर्वेची भिंत आपल्या घराची, तिच्यात दार. बाकी तिन्ही भिंती बाहेरच्या. उत्तरेला मागच्या अंगणाकडे मोठी खिडकी, दक्षिणेला रस्त्याकडे छोटी. हेन्क नावाचा इलेक्ट्रिशियन विचारतोय, कुठे काय लावू? तो चांगला माणूस आहे, पण त्याला जे सांगाल ते तो करतो, स्वतःचं डोकं चालवत नाही. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात रंगाच्या भट्ट्या सांभाळल्यात. तुमच्याइतकं तापमान आमच्या घराण्यात कोणाला कळतं? नकाशावर खुणा करून पाठवा.

वसुधाचा आणि ऋताचा नमस्कार. ऋताला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डच भाषेत देते. आजी आली की सुधारेल असं वसुधाला वाटतं.

आपला भाचा,
शिरीष

&nbsp;

पुणे, १ ऑगस्ट २००५

चि. शिरीष यास आशीर्वाद.

नकाशा मिळाला. प्रमाण दिलंस, दिशा दिलीस, छान. कॉम्प्युटरवाल्याला पेन्सिल धरता येते हे पाहून बरं वाटलं.

आता नीट वाच. हीटर खिडकीखाली. लोकांना वाटतं की खिडकीखाली लावला तर ऊब बाहेर जाईल, म्हणून ते आतल्या भिंतीला लावतात आणि मग पाय गार पडले म्हणून रडतात. गार हवा काचेवरून खाली घरंगळते, तिला तिथल्या तिथे गाठायचं असतं. मोठ्या खिडकीखाली मोठा हीटर, छोटीखाली छोटा. पडदे खिडकीच्या चौकटीपाशी संपले पाहिजेत, हीटरवर लोंबता कामा नयेत. पलंग हीटरला लावू नकोस, मध्ये वीतभर तरी जागा हवी. पलंगाखालच्या ट्रंका वगैरे लीलाच्या सवयी असतील त्या आधीच मोड.

थर्मोस्टॅट जास्त महत्त्वाचा. तो बिचारा एका जागी खिळलेला असतो. त्याच्या जागी जे हवामान असेल तेच सगळ्या खोलीचं, असं तो धरून चालतो. बाहेरच्या भिंतीवर लावलास तर तो कुडकुडेल आणि हीटर थांबणारच नाहीत. उन्हात, टीव्हीच्या वर किंवा दिव्यापाशी लावलास तर त्याला उकडेल आणि खोलीतलं माणूस कुडकुडेल. तेव्हा पूर्वेच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, दारापासून दोन हात लांब. मी लाल पेन्सिलने फुली केली आहे. आमच्याकडे एका पाळीला कोणीतरी भट्टीच्या थर्मोस्टॅटवर ओले हातमोजे वाळत टाकले होते. भट्टीला वाटलं आपण गारच आहोत, आणि आत रंग वाळायला ठेवलेले शंभर पंखे जळून काळे झाले.

शेवटचं, पलंगाच्या उशाशी एक साधा काचेचा थर्मामीटर टांग. आठवडाभर त्याचा आणि थर्मोस्टॅटचा आकडा शेजारी शेजारी लिहून काढ. विसरू नकोस.

लीलाची तयारी जोरात आहे. देव कुठे ठेवायचे म्हणून मला रोज विचारते. ते माझं मी तिला सांगेन, त्यात तू पडू नकोस.

तुझा,
नीळूमामा

&nbsp;

उइटहॉर्न, ९ ऑक्टोबर २००५

ती. मामांस नमस्कार.

आई पोहोचली. घट बसायच्या आधी आठवडाभर आली, म्हणून यंदा आमच्याकडे पहिल्यांदाच घट बसले. खोली तिला आवडली. हीटर तुमच्या खुणांप्रमाणे खिडक्यांखाली लागले, थर्मोस्टॅट बरोबर लाल फुलीवर. हेन्कने तुमचा नकाशा पाहून अंगठा वर केला आणि फोटोकॉपी मागितली.

देवही बसले. तुम्ही सांगितलं होतंत तसं पूर्वेकडे तोंड करून पूजा करता येईल असे पूर्वेच्याच भिंतीला ठेवलेत. तिला खाली बसवत नाही म्हणून खणांच्या कपाटावर देव्हारा आणि समोर खुर्ची. पुण्यात असतो तसा इथेही दिवा रात्रंदिवस तेवत असतो. वसुधाला आधी आगीची भीती वाटत होती, पण आईने दिव्याखाली पितळी ताट ठेवलंय.

एक लहानशी कटकट आहे. आई रोज म्हणते, थंडी वाजते. थर्मोस्टॅटवर आकडा बावीस! बावीस म्हणजे पुण्यात आपण पंखा लावतो. मी एकवीसवर ठेवून ऑफिसला जातो आणि संध्याकाळी येऊन बघतो तर तिने सत्तावीस केलेलं. परवा सायकलवरून आलो, अंगात जॅकेट, खोलीत शिरलो तर मला घामच फुटला. काल भोंडला होता, दहा-बारा घरं आली होती. सगळ्यांसमोर आई म्हणाली, "खोली छान आहे हो, पण मला रात्रभर हुडहुडी भरते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! आईसाठी खोली बांधली आणि लोकांना वाटणार हा म्हातारीला थंडीत ठेवतो. मग मी सगळ्यांना नेऊन आकडा दाखवला. माझा इंजिनियर मित्र दिलीप म्हणाला, "काकू, थंडी खोलीत नाही, तुमच्या मनात आहे." सगळे हसले. आईही हसली.

तुम्ही तिला दोन ओळी लिहाल का? तुमचं ती ऐकते. थर्मामीटर टांगायचा राहिला, पण थर्मोस्टॅटवरच आकडा दिसतो, मग दुसरा कशाला?

आपला,
शिरीष

&nbsp;

पुणे, १९ ऑक्टोबर २००५

चि. शिरीष,

लीलाला वेगळं पत्र टाकलं आहे. लहानपणापासून ती अशीच. आमच्याकडे भाद्रपदातसुद्धा तिला गोधडी लागायची. परक्या देशात घराबाहेर करडं आभाळ दिसलं की अर्धी थंडी तिथेच वाजते. तिला लिहिलंय की माणसाचं अंग भुलतं, यंत्र भुलत नाही. बावीस म्हणजे बावीस.

आणि तूही जरा खंबीर राहा. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिओचं बटण नव्हे, वाटलं तेव्हा पिळायला. सत्तावीसवर हीटर अखंड पेटते राहिले तर पडदे, पलंग, सगळ्यालाच धोका. कारखान्यात आम्ही भट्टीच्या बटणाला कोणाला हात लावू देत नसू.

दिवाळीचा फराळ तिच्या हातचा खा. नशीबवान आहेस.

नीळूमामा

&nbsp;

पुणे, १२ डिसेंबर २००५

चि. शिरीष,

लीला चार तारखेला परत आली. तिकीट एकोणतीस डिसेंबरचं होतं ना? मला विमानतळावरून टॅक्सीवाल्याच्या फोनवरून कळलं. "थंडी सोसवली नाही दादा," एवढंच म्हणते. मी विचारलं, "शिरीषशी काही झालं का?" तर म्हणाली, "तो फार करतो माझं." आणि उठून आत गेली. तिचं "फार करतो" मला साठ वर्षं माहीत आहे. काही बिनसलं की ती असंच बोलते.

खोकला जबरदस्त आहे. डॉक्टरने छाती तपासून विचारलं, "आजी, एवढे दिवस कुठे गारठ्यात राहिलात?" मी म्हणालो, "गारठ्यात कुठली, मुलाने बांधलेल्या गरम खोलीत होती." डॉक्टरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच खजील झालो.

काय झालं ते लिही. आणि गोल गोल लिहू नकोस.

नीळूमामा

&nbsp;

उइटहॉर्न, २४ डिसेंबर २००५

ती. मामांस,

काही झालेलं नाही. आई रविवारी फोनवर नेहमीसारखी बोलते, तिला विचारा. नोव्हेंबरच्या शेवटी इथे एका दिवसात इतकं बर्फ पडलं की गाड्या रस्त्यात अडकल्या. ती घाबरली. मी काय करू? एकवीस डिग्रीत खोली ठेवली होती, त्याहून जास्त कोणता मुलगा काय करणार? वसुधा दिवसभर घरी होती, जेवणखाण वेळेवर होतं. डॉक्टरांना विमानातल्या हवेबद्दलही विचारा, विमानात सगळ्यांनाच खोकला लागतो.

ती खोली आता मी घरून काम करायला घेतली आहे. मला तरी तिथे छान उबदार वाटतं.

शिरीष

&nbsp;

उइटहॉर्न, १५ जानेवारी २००६

ती. मामा,

तुमचं उत्तर यायच्या आधीच हे दुसरं लिहितोय. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. म्हणजे आकडे सगळे खरे होते, बाकी खोटं.

काल संक्रांत. आई जाताना वसुधाला सांगून गेली होती, देव इथेच राहू दे, सणाला दिवा लाव. म्हणून वसुधाने सकाळी आठला समई लावली. शनिवार होता, मी त्याच खोलीत टेबलाशी बसलो होतो. दहाच्या सुमारास बोटं आखडायला लागली. अकराला मी स्वेटर घातला. बाराला उठून हीटरला हात लावला तर दगडासारखा थंड. थर्मोस्टॅटवर आकडा एकवीस. माझ्या टेबलावर ऑफिसात भेट मिळालेलं घड्याळ आहे, त्यात तापमानही दिसतं. त्यावर आकडा चौदा.

मामा, आईचे देव थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली आहेत. कपाटावर ठेवल्यामुळे दिव्याच्या ज्योतीत आणि थर्मोस्टॅटमध्ये हातभरही अंतर नाही. रात्रंदिवस तो दिवा त्या यंत्राला ऊब देत होता आणि यंत्र हीटर बंद ठेवत होतं. आई एकटी असताना सत्तावीस करायची, तेव्हा कुठे खोली एकवीस-बावीस व्हायची. तिचं अंग अगदी बरोबर सांगत होतं. घाम मला सायकल मारून आल्यामुळे फुटला होता.

पण हे एवढंच असतं तर मी तुम्हाला फोन करून हसत सांगितलं असतं. पुढचं सांगायला नंबर फिरवला आणि रिंग वाजायच्या आत फोन ठेवून दिला.

तुमचं दिवाळीआधीचं पत्र आलं त्याच शनिवारी मी दुकानात जाऊन एक पारदर्शक पेटी आणली. आमच्या ऑफिसात मीटिंगच्या खोल्यांत असते. लोक तापमानावरून भांडतात, म्हणून थर्मोस्टॅटवर प्लॅस्टिकची पेटी बसवतात आणि तिला कुलूप घालतात. मी ती आईच्या खोलीत बसवली. एकवीसवर ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आई पलंगावर बसून बघत होती. तिने विचारलं, "हे कशाला रे?" मी म्हणालो, "तुझ्याच भल्यासाठी, आग लागायला नको." आगीची भीती मला नव्हतीच, मामा. माझा नकाशा, माझा आकडा, आणि सगळ्यांदेखत ती माझ्याविरुद्ध बोलली. त्याचा राग होता.

ती पेटी खालून उघडी आहे, तार जाण्यासाठी. दिव्याची ऊब खालून शिरायची आणि आतच कोंडायची. काल मी कुलूप काढलं तेव्हा पेटीच्या खालच्या कडेला काजळी धरलेली होती. म्हणजे पेटीआधी आईला थोडी थंडी वाजत होती, पेटीनंतर ती महिनाभर चौदा डिग्रीत झोपली. ऋता आधी हौसेने आजीजवळ झोपायची, मग वर पळून यायला लागली. मी तिला लाडावलेली म्हणालो.

आणखी एक. बर्फ पडलं त्या दुपारी मी लवकर घरी आलो. इथे दर्शनी खोलीच्या मोठ्या खिडक्यांना कोणी पडदे ओढत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं घर दिसतं. आई तिथल्या रेडिएटरला चिकटून बसली होती, अंगात माझा ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, वरून शाल. समोरच्या बाई बर्फ लोटत होत्या, त्यांनी हात केला. मला लोकांची लाज वाटली. मी म्हणालो, "आई, घरात कोट घालून काय बसलीस? लोक काय म्हणतील? एक तर कोट काढ, नाही तर आत तुझ्या खोलीत जाऊन बस." तिने कोट काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी तिने तिकीट बदलायला सांगितलं.

हे वसुधालाही मी काल सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

आता तुम्ही आईला समजावून सांगाल का? दिव्याचं शास्त्र तुम्ही सांगितलंत तर तिला पटेल. मला एवढंच हवंय की तिने पुन्हा इथे यावं. ती आली नाही तर त्या खोलीत मला बसवणार नाही.

शिरीष

&nbsp;

पुणे, २८ जानेवारी २००६

चि. शिरीष,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा संताप आला. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच उठून कपाटातून तुझ्या खोलीच्या नकाशाची माझी प्रत काढली, आणि मग संताप कोणावर करावा ते कळेना.

देव पूर्वेच्या भिंतीला ठेव, हे लीलाला कोणी सांगितलं? मी. कधी? ज्या दिवशी लाल फुली केली त्याच दुपारी. नकाशा माझ्यासमोर पसरलेला होता. सकाळी इंजिनियर होऊन तुला लिहिलं की दिव्यापाशी थर्मोस्टॅट नको. जेवून झोपलो, उठलो, थोरला भाऊ झालो आणि तिला सांगितलं, पूर्वेला तोंड कर. फुलीच्या बाजूला दारापासून कोपऱ्यापर्यंत भिंतीला जागाच चार फुटांची. दिवा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर विजेचा दिवा होता, तेलाचा नव्हे. आमच्या भट्टीपाशी कोणी समई लावत नसे.

बरं, नंतर तरी? ऑक्टोबरच्या पत्रात तू स्वच्छ लिहिलं होतंस, देव पूर्वेच्या भिंतीला, दिवा रात्रंदिवस. मी वाचलं आणि पुढे गेलो. उलट लीलालाच उपदेश केला की अंग भुलतं, यंत्र भुलत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि वर तुला खंबीर राहा म्हणून सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर आपण दोघे अति शहाणे एकत्र आलो होतो.

माझ्या वाटणीची माफी मी मागून आलो. काल संध्याकाळी तिच्याकडे गेलो, नकाशा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धाकट्या बहिणीसमोर मान खाली घालणं सोपं नाही. ती म्हणाली, "चहा घेणार का दादा?" मी घेतला. तेवढ्यावर तिने मला सोडलं.

पण तुझ्याबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. पेटी आणि कोट हे तुझं. दिव्याचं शास्त्र सांगून ते झाकता येणार नाही, आणि ते मी झाकणारही नाही. तिला तू लिही. फोनवर नको, फोनवर ती "बरं बरं" म्हणून विषय बदलेल.

खोकला आता कमी आहे.

नीळूमामा

&nbsp;

उइटहॉर्न, १२ फेब्रुवारी २००६

प्रिय आई,

शाळेच्या सहलीवरून लिहिलं होतं त्यानंतर तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. चार कागद फाडले.

मामांनी तुला दिव्याचं सांगितलंय. ते खरं आहे, पण मला त्याच्याआड लपायचं नाही. तू मला थंडी वाजते म्हणालीस आणि मी तुझ्याऐवजी भिंतीवरच्या डबीवर विश्वास ठेवला. चारचौघांत तुझं हसं होऊ दिलं. मग तुझ्या खोलीतल्या उबेला कुलूप घातलं. बर्फाच्या दिवशी तुला कोट काढायला लावला, कारण रस्त्यावरच्या लोकांची मला तुझ्यापेक्षा जास्त पर्वा होती. माझा मित्र त्याच्या आईशी असं वागला असता तर मी त्याच्या घरी पाणी प्यायलो नसतो.

पेटी मी हातोड्याने फोडली. भिंतीचा थोडा गिलावाही निघाला, तसाच ठेवलाय. हेन्कला बोलावून थर्मोस्टॅट दाराच्या दुसऱ्या बाजूला नेला. देव हलवले नाहीत. दोन आठवडे उशाशी काचेचा थर्मामीटर टांगून रोज दोन्ही आकडे लिहिले, दिवा लावून आणि विझवून. आता जुळतात.

मी स्वतः चार रात्री तिथे झोपलो. खोली गरम होती, तरी झोप आली नाही.

आई, तू परत येशील का? लगेच उत्तर नको. रागाव, वाटेल तितकी रागाव, पण लिही.

तुझा,
शिरीष

&nbsp;

पुणे, २६ फेब्रुवारी २००६

चि. शिरीष यास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर चढत जाते. वसुधाला सांग, तिळाची चटणी पाठवते आहे, दिलीपची सासू येत्या महिन्यात येणार आहे तिच्याबरोबर. ऋताला माझा पापा. तिने फोनवर मला मराठीत "आजी, ये" म्हटलं, ते मला ऐकू आलं.

दिव्याचं मला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर मी दिवा विझवला असता. पुण्यात विझतो कधीतरी वाऱ्याने, देव काही रागावत नाहीत. पण दिवा विझव असं सांगायलाही आधी कोणीतरी मला खरंच थंडी वाजते हे मानायला हवं होतं. तू आकडा बघितलास, दादाने पत्रात आकडा लिहिला, दिलीपलाही आकडाच दिसला. तीन इंजिनियर जमलात, पण मला काय होतंय ते मी सांगते त्याला तुमच्यात काही मोलच नव्हतं. मला तर शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं की आपल्याच डोक्यात काही बिघाड झालाय. म्हातारपणी असं होतं म्हणतात. त्याची मला थंडीपेक्षा जास्त भीती वाटली. दादा नकाशा घेऊन आला तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं ते यासाठी, की माझं डोकं ठिकाणावर आहे.

कुलपाचं म्हणशील तर किल्ली तुझ्या जुडग्यात सायकलच्या किल्लीशेजारी होती. तू जुडगा रोज दाराजवळच्या खुंटीला लावायचास. मी मनात आणलं असतं तर दुपारी काढून उघडलं असतं. दोनदा हात वर गेला. पण माझ्या मुलाच्या घरात मी चोरून ऊब घ्यायची, हे मला जमेना. म्हणून घेतली नाही.

इथे सगळ्या विचारतात, लवकर कशा आलात? मी सांगते, थंडी सोसवली नाही. ते खोटं नाही. पुढचं सांगत नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझ्याबद्दल वाईट बोलणारी मी पहिली व्हायचं नव्हतं. पण तू स्वतः सगळं लिहिलंस, काही राखून ठेवलं नाहीस. ते मला आवडलं. तू लहानपणीही मार चुकवायला खोटं बोलायचास आणि मग दोन दिवसांनी स्वतःच येऊन सांगायचास.

तू रागाव म्हणतोस. रागवायचं होतं ते माझं विमानात रागावून झालं. शेजारच्या बाईंना वाटलं मला उडायची भीती वाटते, त्यांनी माझा हात धरून ठेवला. एकच गोष्ट मनातून जात नाही, ती लिहिते आणि मग पुन्हा कधी काढणार नाही.

दिवाळीच्या पहाटे मी तुला तेल लावलं. आंघोळ करून तू आलास, मी ओवाळलं आणि तू वाकलास. दोन्ही तळवे माझ्या पावलांवर ठेवलेस, नेहमीसारखे नुसते टेकवले नाहीस, चांगले ठेवलेस. कुलूप लावून तीन रात्री झाल्या होत्या, माझी पावलं बर्फासारखी झाली होती. तुझे हात गरम पाण्यातून आलेले, मला इतके छान वाटले. मला वाटलं, आता याला कळलं. आता हा वर बघेल आणि विचारेल. मी थांबले होते. तू उठलास, घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, चल आई, फराळ दे, मला मीटिंग आहे.

मी येईन. दिवाळीआधी येईन, घट पुन्हा तिथेच बसवू. पण विमानतळावर आल्या आल्या वाकू नकोस. आधी माझा हात हातात घे, गार आहे का गरम ते बघ, आणि मला विचारू नकोस. तू सांग.

आई